पार्टीचा समतोल आणि जुळवून खेळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, विश्रामबाग या पट्ट्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी गोष्ट रंगवायच्या खेळाचं टेबल मांडणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत. त्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो, त्यामुळे कुणाला महागडं पुस्तक घ्यायला लावायची गरज नाही. २०२४ च्या सुधारित नियमांतले काही फरक जिथल्या तिथे सांगितले आहेत. खेळाडू एकेक कॅरेक्टर (पात्र) चालवतात, त्यांचा गट म्हणजे पार्टी. डीएमला, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याला, आम्ही सूत्रधार म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा सूत्रधार पदं गाऊन गोष्ट पुढे न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं ऐनवेळी रचायची. आपल्या टेबलावर गाणं तेवढं नसतं.

समतोल म्हणजे सगळ्यांनी सारखंच नुकसान करायचं का?

नाही, आणि तसं करायला गेलात तर सगळी कॅरेक्टर एकसारखी मिळमिळीत होतात. समतोल मोजायचा असेल तर टेबलावरच्या वाट्याचा मोजा. सेशन संपताना प्रत्येकाला विचारा, "आज तुझ्यामुळे काय झालं?" एका वाक्यात उत्तर आलं पाहिजे: "कुलूप मी उघडलं", "त्या सावकाराला मी बोलण्यात गुंतवलं", "ओगर राक्षसाचा मार मी खाल्ला". लागोपाठ दोन सेशन एखाद्याला उत्तर सुचलं नाही, तर समतोल बिघडलाय. त्याचे नुकसानाचे आकडे कितीही मोठे असोत.

सूत्रधाराने आपल्या आडोशाच्या पडद्यामागे एक कागद ठेवावा आणि त्यावर चौघांची नावं लिहावीत. कुणाच्या निर्णयामुळे गोष्टीला वळण मिळालं की त्याच्या नावापुढे एक रेघ. तीन तासांत एकाच्या १२ आणि दुसऱ्याच्या २ रेघा झाल्या, तर पुढच्या भागाची तयारी करताना कुणासाठी प्रसंग लिहायचा ते आपोआप कळतं.

फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), रोग (rogue, चोर) आणि विझर्ड (जादूगार) हे चौघं असलेच पाहिजेत का?

क्लास (कॅरेक्टरचा पेशा) मोजू नका, कामं मोजा. मार झेलणारा, मार देणारा, पडलेल्याला उठवणारा, लढाईचं चित्र पालटणारा (वाट अडवणं, शत्रू झोपवणं, अंधार पाडणं) आणि लढाईबाहेरचं बघणारा, म्हणजे कुलपं, माग काढणं, वाटाघाटी. कॅरेक्टर बनवतानाच प्रत्येकाने शीटच्या वरच्या कोपऱ्यात दोन कामं लिहावीत, एक मुख्य आणि एक राखीव. चौघांचे कागद शेजारी ठेवले की भोक कुठे आहे ते दिसतं.

राखीव काम लोक विसरतात आणि मग पस्तावतात. उठवणारा एकटाच असेल आणि तोच आडवा झाला तर काय? एचपी, म्हणजे जीवाचे गुण, शून्य झाले की दर टर्नला (पाळीला) डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, १० किंवा वर आलं तर यश. तीन यशं म्हणजे स्थिर, तीन अपयशं म्हणजे मृत्यू. आणि १ पडला तर दोन अपयशं धरतात. म्हणजे नशीब फिरलं तर दोन फाशांतच खेळ खल्लास. त्यामुळे किमान दोघांच्या झोळीत औषधाची बाटली हवीच. साधी बाटली ५० सुवर्णमुद्रांना मिळते आणि २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे अधिक २), म्हणजे सरासरी ७ एचपी देते. २०१४ मध्ये बाटली पाजायला टर्नमधली मुख्य कृती, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन लागते, २०२४ मध्ये जोडीची छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन पुरते.

क्लेरिक कुणालाच व्हायचं नाही. "मी काय नुसता पट्ट्या बांधत बसू?" म्हणतात.

त्यांचं बरोबर आहे, कारण त्यांना क्लेरिक चुकीचा शिकवलेला असतो. तिसऱ्या लेव्हलचा फायटर साधारण २८ एचपीचा. ओगरचा एक घाव सरासरी १३ चा. क्युअर वूंड्स हा स्पेल (मंत्र) २०१४ मध्ये देतो १डी८+३, म्हणजे साडेसात. क्लेरिक दर टर्नला एचपी भरत बसला तरी पारडं शत्रूकडेच झुकतं, आणि त्याची अ‍ॅक्शन वाया जाते ती वेगळीच.

लढाईतलं बरं करणं पडलेल्याला उठवण्यापुरतं ठेवा. त्यासाठी हीलिंग वर्ड आहे: बोनस अ‍ॅक्शन, ६० फुटांवरून, १डी४ अधिक मॉडिफायर (कॅरेक्टरच्या गुणावरून मिळणारी भर). एक एचपी असलेला फायटरही पूर्ण ताकदीने तलवार चालवतो. उरलेल्या अ‍ॅक्शनमध्ये क्लेरिकने घाव घालावा किंवा कँट्रिप (कितीही वेळा चालणारा छोटा स्पेल) टाकावी. बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकल्यावर त्याच टर्नमध्ये दुसरा मोठा स्पेल चालत नाही. २०२४ मध्ये क्युअर वूंड्सचे फासे दुप्पट झालेत, तेव्हा लढाईत भरणं थोडं परवडतं. तरी बाकीची मलमपट्टी लढाई संपल्यावर, छोट्या विश्रांतीत हिट डाइस वापरून करा. ते फुकट आहेत.

कॅरेक्टरचे सहा स्कोअर (ताकद, चपळाई वगैरे) फाशांनी काढायचे की पॉइंट बाय (ठरावीक पॉइंटांत विकत घ्यायचे)?

नव्या गटाला पॉइंट बाय. २७ पॉइंट, प्रत्येक स्कोअर ८ ते १५ च्या दरम्यान. १३ पर्यंत एकेक पॉइंट, १४ चे एकूण ७ आणि १५ चे ९. हिशेब नको असेल तर १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच घ्या, तोही बरोबर २७ पॉइंटांचाच आहे.

चार फासे टाकून सगळ्यांत लहान सोडायचा, या पद्धतीची सरासरी एका स्कोअरला १२ च्या किंचित वर जाते, म्हणजे सहा मिळून ७३-७४. ठरलेल्या संचाची बेरीज ७२. सरासरीत फार फरक नाही, पण फासे माणसागणिक वेगळे पडतात. एकाची बेरीज ८२ आणि शेजारच्याची ६५ आली की पुढचे सहा महिने तो शेजारी कुरकुरणार. फासे टाकायची हौसच असेल तर सगळ्यांनी एकेक संच टाकून मधल्या कागदावर मांडावा आणि त्यांतला कुठलाही संच कुणीही घ्यावा. चौघांनी एकच घेतला तरी चालेल. मजा तीच, भांडण नाही.

आमच्यातल्या एकाचं कॅरेक्टर फारच तगडं झालंय. कमी कसं करायचं?

कात्री लावण्याआधी शीट तपासा. "तगडं" कॅरेक्टर पुष्कळदा नियम चुकवून तगडं झालेलं असतं. नेहमीचे घोटाळे असे: रोगचा स्नीक अटॅक (संधी साधून केलेलं जादा नुकसान) एका टर्नमध्ये एकदाच असतो, तो दर घावाला जोडला जातो. कॉन्सन्ट्रेशनचे (लक्ष धरून चालू ठेवायचे) दोन स्पेल एकत्र चालवले जातात. मार बसल्यावर कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा (लक्ष्य १० किंवा नुकसानाच्या निम्मं, जे जास्त असेल ते) कुणीच मागत नाही. स्पेल स्लॉट (मोठ्या स्पेलांचा ठरावीक साठा) खोडले जात नाहीत, आणि दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची रिअ‍ॅक्शन एका फेरीत दोनदा वापरली जाते. तासभर शीट समोर ठेवून बसलात तर बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

नियम बरोबर असूनही फरक राहिला, तर जादूच्या वस्तू बघा. +१ ची तलवार म्हणजे प्रत्येक घावाला पाच टक्के जास्त संधी. दिलेली वस्तू काढून घेऊ नका, पुढच्या तीन वस्तू बाकीच्यांना साजतील अशा ठेवा.

एक चूक मात्र हमखास होते. समजा फायटरचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) २०. गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) हल्ल्याचा बोनस +४, म्हणजे त्याला १६ किंवा वर हवा, २५ टक्के. सूत्रधार वैतागून गॉब्लिनचा बोनस +९ करतो. फायटरला लागण्याची शक्यता ५० टक्के झाली खरी, पण शेजारी एसी १२ चा विझर्ड उभा असतो. त्याला आधी ६५ टक्के लागायचं, आता ९०. फायटरला दुखवायला गेलात आणि मेला विझर्ड. त्यापेक्षा अधूनमधून एसीला न जुमानणारी संकटं आणा: जाळं, धूर, घसरडा उतार, विजडमचा सेव्ह मागणारी भुरळ. बाकी वेळी फायटरवर वार होऊ द्या आणि चुकू द्या. त्याने ढालीवर पैसे खर्च केलेत, तो खणखणाट ऐकायचा हक्क त्याला आहे.

आणि एखाद्याचं कॅरेक्टर लंगडं पडत असेल तर?

मुख्य स्कोअर चुकीच्या जागी ठेवला असेल तर सरळ बदलू द्या; पहिल्या तीन सेशनपर्यंत काहीही बदलायची मुभा ठेवावी. वाईट निवडलेले स्पेल किंवा स्किलही तसेच. खेळाडूला कॅरेक्टर आवडतंय पण आकडे कमी पडतायत, तर त्याच्या जमेच्या बाजूला काम द्या. भाषा येत असेल तर शिलालेख ठेवा, नेचर (निसर्गज्ञान) येत असेल तर नदीकाठच्या वनस्पती. गंमत म्हणजे सगळ्या चुका जाणूनबुजून केलेलं, मुद्दाम भित्रं कॅरेक्टर कधीकधी टेबलाचं लाडकं असतं. तिथे हात लावू नका.

लढाई किती अवघड ठेवायची? मोजायचं कसं?

२०१४ च्या हिशेबात तिसऱ्या लेव्हलच्या एका खेळाडूमागे एक्सपीच्या (अनुभवाच्या गुणांच्या) पायऱ्या अशा: सोपी ७५, मध्यम १५०, कठीण २२५, जीवघेणी ४००. चौघे असतील तर ३००, ६००, ९००, १६००. आता राक्षसांचे एक्सपी मिळवा आणि संख्येनुसार गुणा: एकाला १, दोघांना दीड, तीन ते सहा असतील तर २, सात ते दहा असतील तर अडीच.

उदाहरण हरिपूरचं घेऊ. संगमाजवळच्या एका जुन्या हळदीच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) चोरलेला माल दडवलाय, राखणीला एक ओगर (४५० एक्सपी) आणि काही गॉब्लिन (प्रत्येकी ५०).

नुसता ओगर: ४५०, सोपी आणि मध्यमच्या मध्ये. सहा गॉब्लिन: ३०० गुणिले २, बरोबर मध्यम. ओगर आणि चार गॉब्लिन: ६५० गुणिले २, १३००, कठीण. आणखी दोनच गॉब्लिन वाढवले की एकूण सात होतात, गुणक अडीचवर जातो आणि आकडा १८७५, जीवघेणी. दोन भुरट्या गॉब्लिननी एवढा फरक पडतो, कारण खरी ताकद एका फेरीत किती वार होतात यात असते. याच कारणाने एक खेळाडू गैरहजर असेल तर ती १३०० ची लढाई तिघांसाठी (जीवघेणी रेषा १२००) पुरी जीवघेणी होते. ऐनवेळी कुणी आलं नाही तर आधी एक-दोन गॉब्लिन कमी करा, मग पडदा लावा.

२०२४ मध्ये गुणक काढून टाकलाय. हिशेब सोपा झाला, पण मोठी टोळी कागदावर वाटते त्यापेक्षा जड जाते, हे लक्षात ठेवा.

पेव निवडण्याचं कारण आहे. तोंड अरुंद, पोट रुंद. एकावेळी एकच जण उतरणार, म्हणजे पहिल्या फेरीत पार्टीची अर्धी ताकद वरच अडकलेली. आकडेमोडीत जागा धरलेली नसते. असा अडथळा असेल तर लढाई एक पायरी वर गेली समजा. शिवाय बंद पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही, आतली हवा कोंदलेली असते. घाईने उतरणाऱ्याकडून कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मागा. गावाकडचा खेळाडू असेल तर तो आधीच "थांबा, हवा खेळू दे" म्हणेल, आणि त्याच्या नावापुढे रेघ मारा.

एवढा मोठा राक्षस ठेवला आणि तीन फेऱ्यांत आटोपला. काय चुकलं?

तो एकटा होता. ओगरचे ५९ एचपी, एसी ११. तिसऱ्या लेव्हलचे फायटर, रोग, क्लेरिक आणि विझर्ड एकही मोठा स्पेल न वापरता फेरीला सरासरी २४ च्या आसपास नुकसान करतात. अडीच फेऱ्यांत ओगर आडवा. तेवढ्यात त्याचे वार दोन किंवा तीन, त्यातले निम्मे ढालीवर. चौघांच्या चार टर्न आणि त्याची एक, असं ते गणित आहे.

एचपी दुप्पट केले तर लढाई फक्त लांबते आणि कंटाळवाणी होते. त्यापेक्षा दोन-तीन हलके साथीदार द्या. नाहीतर त्याला इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) दोन जागा द्या, दुसऱ्या टर्नला फक्त चाल किंवा एक धक्का. मोठ्या ड्रॅगनांना नियमांतच दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी वापरायच्या तीन लेजेंडरी अ‍ॅक्शन असतात, त्या याचसाठी. कुमक दोन टप्प्यांत आणणं आम्हाला सगळ्यांत आवडतं: तिसऱ्या फेरीला वरून शिट्टी ऐकू येते, चौथीला चौघे उतरतात. पार्टी दमली असेल तर शिट्टी वाजवूच नका, कुणाला कळणार आहे?

विझर्ड दर लढाईत भाव खातो, फायटर फिका. क्लास बदलू का?

क्लास नका बदलू, विश्रांती मोजा. पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा फायरबॉल २० फुटांच्या त्रिज्येत ८डी६, सरासरी २८. त्याच्याकडे अशा तिसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट, आणि ते मुख्यतः भरतात मोठ्या विश्रांतीनंतर, म्हणजे आठ तासांनी. फायटरचा सेकंड विंड आणि अ‍ॅक्शन सर्ज, वॉरलॉक या क्लासचे स्लॉट, मंक या क्लासची 'की' नावाची शक्ती हे सगळं एका तासाच्या छोट्या विश्रांतीत परत येतं. २०१४ चे नियम दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण प्रसंग आणि मध्ये साधारण दोन छोट्या विश्रांत्या धरून बांधलेत. आपण रविवारी दुपारी एक लढाई खेळतो आणि "आम्ही झोपतो" म्हणतो. मग विझर्ड दोन्ही फायरबॉल एकाच लढाईत उडवणारच. त्याचा दोष नाही.

झोपायला किंमत लावा. आपल्याकडे आयतं साधन आहे: कृष्णेचं पाणी. आयर्विन पुलाजवळ पातळी फुटांत मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. टेबलावर एक पट्टी उभी करा, ३६ पासून सुरुवात. छोटी विश्रांती घेतली की १ फूट, मोठी घेतली की ५ फूट. ४० ला पेवांत पाणी झिरपायला लागतं, ४५ ला वाट बंद. दोन छोट्या आणि एक मोठी घेतली तर ४३, निभावतं. दोन मोठ्या घेतल्या तर ४६, माल गेला. एकदा पट्टी मांडली की "आता झोपायचं का" हा प्रश्न पार्टी आपसांत भांडून सोडवते आणि सूत्रधाराला नको म्हणायला लागत नाही.

पूर नको असेल तर कारखान्याचा भोंगा, यात्रेचा दिवस, बैलगाडीचा तांडा, काहीही चालेल. घड्याळ डोळ्यांसमोर असलं पाहिजे, तेवढं बघा.

टीमवर्क म्हणजे नक्की काय करायचं? सगळे आपापला वार करतात आणि थांबतात.

एक फेरी जवळून बघू. इनिशिएटिव्ह: रोग १९, ओगर १४, क्लेरिक १२, फायटर ८, विझर्ड ५.

नेहमीचा खेळ: रोग पहिल्यांदा येते, बाण मारते. ओगरजवळ साथीदार कुणी नाही, ती लपलेलीही नाही, म्हणून स्नीक अटॅक नाही, लागला तर साडेसहा. फायटर नंतर धावत जाऊन एक वार करतो. विझर्ड फायर बोल्ट. फेरी संपली.

आता तीच चौघं, तीच शीट. रोग अट घालून कृती राखून ठेवते, म्हणजे रेडी अ‍ॅक्शन घेते: "फायटर ओगरला भिडला की बाण." ओगर पुढे येऊन क्लेरिकवर वार करतो. क्लेरिक ब्लेस टाकते, फायटर, रोग आणि स्वतःवर. हल्ल्यांना आणि सेव्हना डी४ जास्त, सरासरी अडीच, म्हणजे डी२० वर साडेबारा टक्के. फायटर ओगरला भिडतो. तिथेच रोगचा बाण सुटतो, आता साथीदार पाच फुटांत आहे म्हणून स्नीक अटॅकचे २डी६ मिळतात, ब्लेसचा डी४ही मिळतो. मग फायटर वाराऐवजी ढकलतो आणि ओगरला आडवा पाडतो. विझर्डने इथे फायर बोल्ट मारू नये: आडव्या पडलेल्यावर लांबून हल्ला दोन फाशांतला लहान धरून, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेजने होतो. तो मॅजिक मिसाइल टाकतो, त्याला हल्ल्याचा फासाच नसतो, १डी४+१ चे तीन बाण, सरासरी साडेदहा.

क्रम बारकाईने बघा. फायटरने आधी ढकललं असतं आणि बाण नंतर सुटला असता, तर डिसअ‍ॅडव्हान्टेजमुळे स्नीक अटॅक गेला असता. म्हणून रोगने अट "भिडला की" अशी घातली, "पाडला की" अशी नाही. रेडी अ‍ॅक्शनची किंमतही आहे, रोगची त्या फेरीतली रिअ‍ॅक्शन खर्च होते. आणि ढकलणं हा हल्ला किंवा सेव्ह नाही, तो अ‍ॅबिलिटी चेक आहे, ब्लेसचा डी४ त्याला जोडू नका.

खो-खो खेळलेल्यांना हे सांगावं लागत नाही. उठून पळणं सोपं, खो कधी द्यायचा ते अवघड.

बाकीच्या छोट्या सवयी: करण्यासारखं काही नसेल तर "मी थांबतो" म्हणण्यापेक्षा हेल्प (साथीदाराला मदत) घ्या. दोन फाशांतला मोठा धरायच्या अ‍ॅडव्हान्टेजमुळे ११ हवा असताना शक्यता ५० वरून ७५ टक्के होते, १५ हवा असताना ३० वरून ५१. स्वतःची टर्न संपवताना पुढच्याला एक वाक्य सांगा, "तो आता माझ्यावर लक्ष ठेवून आहे, तू मागून जा." पण दुसऱ्याची टर्न खेळून देऊ नका. सल्ला एक, निर्णय त्याचा.

सगळे मिळून लपतात तेव्हा चिलखतवाला हमखास सगळ्यांना पकडून देतो.

ग्रुप चेक वापरा. सगळे फासा टाकतात, निम्मे किंवा जास्त जमले तर सगळी पार्टी जमली. रोग चिलखतवाल्याला सांभाळून नेते, ही कल्पना त्यातच आली.

एकच जण सगळीकडे बोलतो. बाकीचे भडंग खात बसतात.

त्याला गप्प करू नका, बाकीच्यांना विचारा. लढाई नसतानाही टेबलाभोवती फेरी फिरवा: "सावकार दारात आहे. तुम्ही काय करताय? डावीकडून." बोलक्या खेळाडूला शेवटी ठेवा. लाजऱ्या खेळाडूला "काहीतरी बोल ना" म्हटलं की तो आणखी मिटतो, त्याला दोन पर्याय द्या, "पावती बघणार की गोदामाची मागची बाजू?" आणि करिश्मा ८ असलेल्या फायटरने चांगला मुद्दा मांडला तर मुद्द्याचं मोल द्या. लक्ष्य १५ वरून १२ करा, मगच फासा मागा. नाहीतर जास्त करिश्मावाल्याशिवाय कुणी तोंडच उघडणार नाही.

एक जण वाड्यात, तीन जण बाहेर, असं झालं तर चार-पाच मिनिटांनी दृश्य बदला. आणि बदला ते अर्ध्यात, फासा हातात असताना. "दार करकरलं... थांब. इकडे घाटावर काय चाललंय?" बाहेरचे मोबाइल काढत नाहीत.

"माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं" म्हणून एक जण पार्टीचेच पैसे चोरतो.

कॅरेक्टर त्यानेच बनवलंय. सेशन शून्यमध्ये, म्हणजे पहिला फासा पडण्याआधीच्या बैठकीत, तीन गोष्टी ठरवून लिहा: एकमेकांची चोरी आणि एकमेकांवर वार चालेल की नाही, लुटीची वाटणी कशी, आणि प्रत्येक कॅरेक्टरला या चौघांबरोबर राहायचं एक कारण. "माझं कर्ज फिटेपर्यंत" एवढंही चालतं. हे आधी झालं नसेल तर खेळ थांबवा, खेळाडूशी खेळाडू म्हणून बोला: "अरे, हे करून तुला काय मिळवायचंय?" पुष्कळदा उत्तर एवढंच असतं की त्याच्या रोगला चोरी करायला गावात जागाच मिळाली नव्हती. गावात एक तिजोरी ठेवा. आकाशातून वीज पाडून कॅरेक्टर मारणं हा उपाय नाही, त्याने फक्त रुसवा वाढतो.

परीक्षा, लग्नसराई, उसाचा हंगाम. दर वेळी कुणीतरी गळतं.

चौघांपैकी तीन आले तर खेळायचं, दोनच आले तर दुसरं काही, हा नियम आधीच लावा. गैरहजराचं कॅरेक्टर दुसऱ्याच्या हाती देऊ नका. त्याच्या बाटल्या आणि स्लॉट दुसरा उधळतो आणि मग बोलाचाली. ते कॅरेक्टर तळावर राहिलं, मागे थांबून दोर धरला, असं सांगा. एक्सपी सगळ्यांना सारखे द्या, आलेला असो वा नसो. एक्सपी कापून माणूस येत नाही, मागे पडून येईनासा मात्र होतो. सेशन मुक्कामाच्या ठिकाणी संपवायची सवय लावली तर कोण येतं, कोण जातं याने गोष्ट अडत नाही.

मधेच नवीन खेळाडू आला तर लेव्हल कितीची?

पार्टीची जी असेल तीच. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा वार आणि विझर्डला फायरबॉल मिळतो, तिथली दरी फासे भरून काढत नाहीत. नवख्याला नियमांचं ओझं होईल अशी भीती असेल तर त्याला तयार शीट आणि साधा क्लास द्या, आणि पहिले दोन सेशन एका जुन्या खेळाडूला त्याच्या शेजारी बसवा.

आम्ही सात जण आहोत. आणि दुसरीकडे दोघंच.

सात म्हणजे एक टर्न फिरून यायला वीस मिनिटं. शक्य असेल तर दोन टेबलं करा. नसेल तर प्रत्येकाने आपली टर्न यायच्या आधी ठरवून ठेवायचं, हल्ल्याचा आणि नुकसानाचा फासा एकदमच टाकायचा. सूत्रधार इनिशिएटिव्ह मोठ्याने सांगतो: "आता तू, पुढे ताई." सहा किंवा जास्त खेळाडूंना राक्षसांचा गुणक एक पायरी खाली घ्या, तिघांपेक्षा कमी असतील तर एक पायरी वर.

दोघंच असाल तर प्रत्येकाला सुरुवातीला दोन बाटल्या आणि एक साधा सोबती द्या. सोबती सूत्रधाराने बोलवायचा, पण लढाईत खेळाडूंनी चालवायचा, आणि त्याने कधीही सगळ्यांत मोठा घाव घालू नये.

सामान काय लागतं?

सात फाशांचा एक संच प्रत्येकी (डी४, डी६, डी८, दोन डी१०, डी१२, डी२०), निदान दोघांत एक. चौकटीची वही, एक चौकोन म्हणजे पाच फूट. सोंगट्यांना शर्टाची बटणं किंवा कॅरमच्या सोंगट्या. राणी ओगरला छान शोभते. आडव्या पडलेल्याची सोंगटी उलटी ठेवा, म्हणजे लांबून बाण मारणाऱ्याला आठवण राहते.

मराठीत खेळताना नियमांचे शब्द भाषांतरित करायचे का?

एचपी, एसी, सेव्ह, अ‍ॅक्शन तसेच ठेवा, नाहीतर शीट बघून गोंधळ होतो. वर्णन आणि संवाद मात्र आपल्या बोलीत करा. सांगलीतला ओगर "कोण हाय रं तिकडं?" असंच ओरडणार.